उचल फेडू नका, प्रांतांकडे अर्ज करा

रायगड जिल्ह्यातल्या एका किराणा दुकानदारांचं पत्र आलं आहे. त्यांचं नाव-गाव इथे देत नाही. पत्राचा गोषवारा असा:

"आमच्या दुकानाजवळ वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर शेजारच्या तालुक्यातून एक कातकरी जोडपं तिथे कामाला आलं. सोबत अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. दर रविवारी मुनीम खर्चीची ६०० रुपयांची चिठ्ठी देतो. बाई ती घेऊन येते आणि माझ्याकडून तांदूळ, तेल, मसाला, सुकट नेते. पैसे मला भट्टीवाल्याकडून मिळतात, त्यांच्या हातात रोख काहीच पडत नाही. पावसाळ्यात आजारपणाला आणि पुढे सणाला मिळून त्यांनी २५ हजारांची उचल घेतली होती. हजार विटांना ७०० रुपये ठरले. चौघं मिळून दिवसाला हजारभर विटा पाडतात. तरी मालक म्हणतो, उचल जशीच्या तशी बाकी आहे, पावसाळ्यात माझ्या शेतावर राबून फेडा. गेल्या महिन्यात नवऱ्याचे वडील वारले. बायको-पोरांना भट्टीवर ठेवून घेऊन मगच त्याला मयताला सोडलं, आणि यायला दोन दिवस उशीर झाला म्हणून मारलं. आधार कार्डं मुनिमाकडे आहेत. आम्ही तीन-चार दुकानदार वर्गणी काढून २५ हजार भरू शकतो. तसं करावं की पोलिसात जावं? भट्टीवाला माझं मोठं गिऱ्हाईक आहे, हेही सांगितलं पाहिजे."

तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आधी वर्गणीचं बोलू. ती काढू नका. तुमची कळकळ कळते, पण त्या २५ हजारांनी मालकाचा हिशेब खरा ठरेल आणि पुढच्या दिवाळीला त्याच झोपडीत दुसरं कुटुंब येईल. शिवाय कायद्याने हे कर्ज उरलेलंच नाही. बंधबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६, म्हणजे आपण ज्याला वेठबिगारीचा कायदा म्हणतो, त्याच्या कलम ६ नुसार बंधबिगारीचं कर्ज फेडण्याची जबाबदारी संपते. कलम ९ नुसार अशा संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तुम्ही दिलेले पैसे मोजून घेणं हाच मालकाचा गुन्हा ठरेल.

मालकाचा हिशेबही एकदा तुमच्याच आकड्यांनी मांडून बघा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सहा हजार विटा, त्यांचे ४,२०० रुपये. खर्चीचे ६०० वजा केले की ३,६०० उरतात. सात आठवड्यांत २५,२०० होतात, म्हणजे उचल सातव्या आठवड्यातच फिटली. भट्टी सुरू होऊन पंधरा आठवडे झाले असतील तर उरलेल्या आठ आठवड्यांचे २८,८०० आणि वरचे २०० मिळून या कुटुंबाचंच मालकाकडे २९ हजार येणं निघतं. तो तूट-फूट दाखवेल, अवकाळी पावसात कच्च्या विटा विरघळल्या म्हणेल. पंधरापैकी पाच आठवडे वाया गेले असं धरलं तरी उचल फिटलेलीच आहे. हा हिशेब कागदावर मांडून ठेवा, अर्जाला जोडायचा आहे. मात्र एक ध्यानात असू द्या: उचल फिटलेली नसती तरी हा गुन्हाच होता. उचल बाकी आहे म्हणून माणसाला अडकवून ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

बऱ्याच जणांना वाटतं, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही अधिकाऱ्यांनाही वाटतं, की साखळदंड नाही, कुंपण नाही, मजुरी ठरलेली आहे, मग वेठबिगारी कसली? कायदा तसं म्हणत नाही. उचल किंवा कर्ज घेतल्यामुळे चारपैकी एक जरी गोष्ट गेली तरी पुरे: योग्य मजुरी, दुसरीकडे काम धरण्याची मोकळीक, हवं तिथे जाण्या-येण्याची मोकळीक, आणि आपले श्रम किंवा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क. लेखी करार लागत नाही. तुमच्या पत्रातल्या कुटुंबाच्या पहिल्या तीन गोष्टी उघड उघड गेल्या आहेत. बायको-पोरांना ओलीस ठेवून बापाच्या मयताला सोडलं, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हे घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचं काम ठरवलं. डिसेंबर १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात, सक्तीचं काम दिसलं की ते उचलीपोटी आहे असंच गृहीत धरायचं, असं सांगितलं. तो खटला फरिदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांविषयी न्यायालयाला लिहिलेल्या एका पत्रावरून उभा राहिला होता. आणि कलम १५ प्रमाणे, हे कर्ज बंधबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते, मजुराची नाही.

आता पुराव्याचं. सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्या गल्ल्यात पडून आहे. मुनिमाच्या त्या चिठ्ठ्या! तारीख, नाव, रक्कम आणि मुनिमाची सही असलेल्या चिठ्ठ्या पंधरा आठवडे सलग असतील, तर या कुटुंबाला रोख मजुरी मिळत नव्हती आणि आठवड्याला ६०० रुपयांवर चार माणसं जगत होती हे त्यातून सिद्ध होतं. आजपासून एकही फाडू नका. प्रत्येकीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, एक झेरॉक्स संच घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. खात्याच्या वहीतली पानंही तशीच ठेवा, त्यात खाडाखोड नको आणि मागाहून नवी नोंद तर मुळीच नको.

बाई दुकानात येते तेव्हा दोन-तीन रविवारांत मिळून थोडं थोडं विचारा. मुनीम दाराशी उभा असेल त्या दिवशी काहीच विचारू नका. "तुम्हाला डांबून ठेवलंय का?" असं विचारलंत तर "नाही" असंच उत्तर येईल, कारण तिला दार उघडंच दिसतं. त्याऐवजी विचारा: उचल कधी घेतली, कुणाच्या हातून, किती वेळा? फिटली किती हे कुणी सांगितलं, कागद दाखवला का? दुसऱ्या भट्टीवर जास्त दर मिळाला तर जाता येईल का? लेकरू आजारी पडलं तर दवाखान्यात कुणाला विचारून न्यायचं? मूळ वाडी आणि तालुका कोणता? भट्टीवर अशी आणखी किती कुटुंबं आहेत? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिथून निघायची त्यांची इच्छा आहे का? त्यांची मर्जी जाणून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. सुटका अमुक दिवशी होईल, तमुक पैसे मिळतील असं वचनही देऊ नका. ठरल्याप्रमाणे झालं नाही तर मार त्यांनाच खावा लागतो.

भट्टीवर जाऊन व्हिडिओ काढणं, तो व्हॉट्सअॅपवर फिरवणं, मालकाला समजवायला जाणं, सरपंचांच्या कानावर घालणं, यातलं काहीही करू नका. वीटभट्टीची प्रकरणं बहुतेक इथेच फसतात. कुणकुण लागली की रात्रीतून टेम्पो भरून कुटुंबं दुसऱ्या तालुक्यातल्या भट्टीवर हलवली जातात, आणि सकाळी पथक पोचतं तेव्हा नुसत्या चुली सापडतात. मुलांचे चेहरे दाखवणं तर बाल न्याय कायद्यानेच मना आहे. याच कारणासाठी अर्ज स्थानिक पोलीस चौकीवर आधी देऊ नये असं आमचं मत आहे. चौकीवरचे सगळे वाईट असतात असं नाही. पण तिथे गेलेलं प्रकरण बहुधा "मजुरीचा वाद" म्हणून नोंदलं जातं, मालकाला बोलावून घेतात, चार-पाच हजार हातावर टेकवतात आणि कुटुंबाला एसटीत बसवून देतात. वरवर सुटका झाल्यासारखी दिसते. पण मुक्तता प्रमाणपत्र (माणूस वेठबिगारीतून सुटला असा सरकारी कागद) नाही, पुनर्वसन नाही, मालकावर गुन्हा नाही, आणि पावसाळ्यात घरात दाणा नसला की तेच कुटुंब पुन्हा उचल घेतं. मारहाण चालू असेल, जिवाला धोका असेल, तर मात्र वाट न बघता ११२ ला फोन करा.

या कायद्यात मजुरांना शोधून सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांची, म्हणजे व्यवहारात तुमच्या उपविभागाच्या प्रांतांची (उपविभागीय अधिकाऱ्यांची) असते. अर्ज नातेवाइकानेच करावा अशी अट नाही, कुणीही नागरिक करू शकतो. अर्ज पानभराचा असू द्या. मजकूर साधारण असा:

"प्रति, मा. उपविभागीय अधिकारी. विषय: बंधबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम, १९७६ अन्वये चौकशी, मुक्तता व पुनर्वसनाबाबत. महोदय, मौजे … येथील … यांच्या वीटभट्टीवर … वाडी, ता. … येथील आदिवासी कातकरी कुटुंबातील चार व्यक्ती (पैकी दोन बालके) दि. … पासून रु. २५,०००/- उचलीच्या मोबदल्यात काम करीत आहेत. त्यांना रोख मजुरी दिली जात नाही, अन्यत्र काम करण्यास व गावी जाण्यास मज्जाव आहे, आधार कार्डे मालकाच्या ताब्यात आहेत व दि. … रोजी पुरुषास मारहाण झाली आहे. कृपया आगाऊ सूचना न देता स्थळपाहणी करून मजुरांचे जबाब मालक व त्याच्या माणसांच्या अनुपस्थितीत घ्यावेत आणि प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र मुक्तता प्रमाणपत्र द्यावे. अर्जदाराचे नाव गोपनीय ठेवावे."

यात "मजुरी थकली" हे शब्द मुख्य तक्रार म्हणून येऊ देऊ नका. ते वाचलं की अर्ज कामगार खात्याकडे वळतो आणि महिनोन्‌महिने पडून राहतो. भट्टीचा रस्ता, जवळची खूण, कोणत्या वेळी सगळी कुटुंबं तिथे असतात, हे वेगळ्या कागदावर लिहा. अर्ज टपालाच्या टेबलावर देण्याआधी प्रांतांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना समक्ष भेटून द्या, कारण बातमी टेबलावरूनच फुटू शकते. पोच म्हणून आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. तोंडी "बघतो" म्हणजे पोच नव्हे. त्याच दिवशी एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने पाठवा.

आता तुमच्या गिऱ्हाइकीची आणि सुरक्षिततेची काळजी. ती रास्त आहे. तुमचं नाव पुढे येऊ नये असं वाटत असेल तर दोन मार्ग आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर फोन करा, तिथले विधी स्वयंसेवक अर्ज पुढे नेऊ शकतात. वेठबिगारीला बळी पडलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे. किंवा या कामात मुरलेल्या संघटनेकडे जा: ठाणे-पालघर-रायगडात श्रमजीवी संघटना, दक्षिण रायगडात सर्वहारा जन आंदोलन. अशा सुटका कशा करायच्या, कुठे अडतात, हे त्यांना पाठ आहे. मुलांसाठीच्या मदतवाहिनीला १०९८ वर फोन करता येतो, तिथे फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. पण पुढे खटला उभा राहिला तर चिठ्ठ्यांचा साक्षीदार तुम्हीच असाल, हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा. तुमच्याशिवाय त्या चिठ्ठ्या कुणाच्या हे न्यायालयात कोण सांगणार?

पथक येतं त्या दिवशी प्रांत किंवा तहसीलदार, पोलीस (महिला पोलीस हव्यातच), कामगार अधिकारी, बाल संरक्षण कक्षाचा माणूस आणि जमलं तर संघटनेचा कार्यकर्ता एवढे सोबत असावेत. कुटुंबं जास्त असतील तर गाडी मोठी लागते, नाहीतर अर्धी माणसं मागे राहतात आणि मालक त्यांनाच "आम्ही खुशीने काम करतो" असं बोलायला लावतो. जबाब भट्टीवर घेऊ नयेत, कार्यालयात आणून नवरा-बायकोचे वेगवेगळे घ्यावेत. निघताना भांडीकुंडी, कोंबड्या, मोबाईल, आधार, रेशनकार्ड, एटीएम कार्ड या सगळ्यांची नोंद पंचनाम्यात व्हायला हवी. घाईत हे राहून जातं आणि मग आठवड्याने माणूस कोंबड्यांसाठी परत त्याच दारात उभा राहतो. मारहाण झालेल्याची वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्यायला सांगा.

मुक्तता प्रमाणपत्रावर आम्ही एवढा भर देतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रत्येक मुक्त मजुराला तातडीची ३० हजार रुपयांपर्यंत मदत आहे. ती जिल्ह्याच्या निधीतून द्यायची असते (असा किमान १० लाखांचा निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे असणं योजनेला अपेक्षित आहे) आणि तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट बघायची नसते. पुढची मदत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, आणि अपंग, तृतीयपंथी किंवा लैंगिक शोषणातून सोडवलेल्या व्यक्तींना ३ लाख. ही मोठी रक्कम पुरी पदरात पडणं खटल्याच्या निकालाशी जोडलेलं आहे, म्हणून गुन्हा नीट नोंदवला जाणं इतकं महत्त्वाचं.

इथे एक चूक वारंवार होते: प्रमाणपत्र कुटुंबप्रमुख म्हणून एकट्या नवऱ्याच्या नावाने निघतं. बाई दिवसभर चिखल कालवते, मुलगी विटा उलटते, वाहते, आणि कागदावर त्या असतच नाहीत. प्रमाणपत्र कुटुंबाला नाही, माणसाला मिळतं. या बाईचा हक्क नवऱ्यापेक्षा जास्त रकमेचा आहे, तो तिच्या नावाचा कागद नसला की बुडतो. म्हणून सह्या-अंगठे होण्याआधी नावं मोजा, आधारवरच्या नावांशी ताडून बघा. बाईचं स्वतःचं बँक खातं नसेल तर त्याच आठवड्यात उघडून द्यायला सांगा.

गुन्हा नोंदवताना नुसती वेठबिगारी कायद्याची कलमं पुरत नाहीत. ती दखलपात्र असली तरी जामीनपात्र आहेत, कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड अवघा दोन हजारांपर्यंत. कुटुंब आदिवासी आहे आणि मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(एच), म्हणजे वेठबिगारी करायला लावणं, ते लागतं. तिथे अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. भारतीय न्याय संहितेची मारहाणीची, आणि तथ्यं तशी असतील तर डांबून ठेवण्याची आणि मानवी व्यापाराची (कलम १४३) कलमं लागतात. मुलांना राबवल्याबद्दल बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे. पोलिसांनी गुन्हा घ्यायला टाळाटाळ केली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

प्रांत म्हणाले, "हे उचल घेतलेले मजूर आहेत, वेठबिगार नाहीत," तर वाद घालू नका. कारणांसह लेखी आदेश मागा. लिहायची वेळ आली की वर सांगितलेले दोन निकाल आणि कलम १५ आडवे येतात, आणि पुष्कळदा मत बदलतं. नाहीच बदललं तर तो आदेश घेऊन राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे जा. तक्रारीला फी नाही, मराठीत लिहिली तरी चालते, घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते, फोन १४४३३. तिथे तक्रारी निकाली निघण्याची कारणं ठरलेली आहेत: सही-नाव नसणं, मोघम मजकूर, दुसऱ्या कार्यालयाला लिहिलेल्या अर्जाची नुसती प्रत पाठवणं. आयोगाच्या नावे स्वतंत्र अर्ज करा, नाव गोपनीय ठेवायची विनंती त्यातच लिहा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे आधी तक्रार चालू असेल तर राष्ट्रीय आयोग तीच हाती घेत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम टाकू नका.

सुटकेनंतर महिन्याभराने माहितीच्या अधिकारात एक अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा थोडक्यात विचारा: किती व्यक्तींना मुक्तता प्रमाणपत्र दिलं, प्रत्येकीला तातडीची मदत कोणत्या तारखेला किती दिली, वेठबिगारी कायद्याखालच्या दक्षता समितीच्या गेल्या वर्षभरातल्या बैठकांच्या तारखा कोणत्या. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. कुटुंब दुसऱ्या तालुक्यातलं आहे, त्यामुळे कागद दोन कार्यालयांच्या मध्ये अडकण्याची शक्यता मोठी. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला या कुटुंबाविषयी स्वतंत्र पत्र गेलं का, तेही बघा. घरकुल, जातीचा दाखला ही कामं तिथून पुढे सरकतात.

आणि मुलांच्या शाळेची नोंद जूनपर्यंत थांबवू नका. वाडीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत वर्षात कधीही, दाखला नसला तरी, वयानुसार प्रवेश द्यावाच लागतो. मुख्याध्यापकांनी "आता वर्ष संपत आलं" असं सांगितलं तर केंद्रप्रमुखांकडे जा. भट्टीसाठी मजूर गोळा करणारा मुकादम बयाणा घेऊन पुन्हा वाडीवर येतो तो गणपती-दसऱ्याच्या सुमाराला. तोवर तातडीची मदत हातात पडलेली असावी, यासाठी श्रावण लागायच्या आत एकदा प्रांत कार्यालयात चक्कर मारून फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारून या.